कधी इलास? खयसून इलास?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, एआयबद्दल काहीतरी बोल." मी हो म्हटलं, आणि विषय मात्र दुसराच घेऊन आले. तो शेवटपर्यंत कुणाला सांगितला नाही, कारण आधी सांगितला असता तर कार्यक्रमपत्रिकेत माझा नंबर जेवणानंतर लागला असता. विषय आहे रुग्णालयात येणारे श्वसनाचे वेगळे, अनोळखी विषाणू: ते ओळखायचे कसे आणि आवरायचे कसे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. समोर आपल्याच तुकडीतले डॉक्टर, सिस्टर आणि औषध दुकानवाले बसले आहेत, ते मला सोडणार नाहीत. गेली १४ वर्षं मी पुण्यात रुग्णालयं आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटात काम करते. माझा संबंध नोंदींशी. रुग्ण कधी आला, काय लिहिलं गेलं, काय लिहायचं राहिलं, हे मला दिसतं. ते बघत असताना एक गोष्ट लक्षात आली, आणि तिचं बीज आपल्या मालवणातच आहे.

चाकरमानी गावात उतरला की त्याला पहिले प्रश्न कोणते येतात? "कधी इलास? खयसून इलास? वांगडा कोण असा?" एसटी स्टँडवर, तिठ्यावर, कुणाच्याही खळ्यात हेच तीन. आपल्याला वाटतं ही नुसती चौकशी. पण साथीचे आजार शोधणारं शास्त्र याच तीन प्रश्नांवर उभं आहे. त्यांच्या भाषेत काळ, स्थळ आणि व्यक्ती. आजार कधी सुरू झाला, माणूस कुठून आला, आणि त्याच्याबरोबर आणखी कोण आजारी आहे. वेगळा विषाणू पहिल्यांदा ओळखला जातो तो बहुतेक वेळा या प्रश्नांच्या उत्तरात. यंत्र आणि प्रयोगशाळा त्याचं नाव नंतर सांगतात.

हे असं का, ते थोडं सांगते. श्वसनाचा विषाणू तोंडावर नाव लिहून येत नाही. ताप, खोकला, घसा, अंगदुखी. साधा फ्लू असो, लहान मुलांना धाप लावणारा आरएसव्ही असो, कोरोना असो, पहिले दोनतीन दिवस सगळे सारखेच दिसतात. त्यातून आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, डेंगी, मलेरिया, सगळ्यांची सुरुवात तापानेच. ओपीडीत सकाळी शंभर माणसं बसलेली असताना नुसतं तपासून "हा वेगळा" असं म्हणता येणं फार कठीण.

मग वेगळं कशावरून म्हणायचं? अनुभवी डॉक्टर आणि सिस्टर ज्या खुणा बघतात त्या साधारण अशा. धडधाकट तरुण माणसाला कारण नसताना जोराचा न्युमोनिया होणं. एकाच घरातले, एकाच होडीवरचे किंवा एकाच कारखान्यातले दोनतीन जण आठवड्याच्या आत आजारी पडणं. नेहमीच्या उपचाराने ऑक्सिजन न सुधारणं. जिथे साथ चालू आहे अशा ठिकाणाहून माणूस आलेला असणं. कोंबड्या, बदकं किंवा मेलेले पक्षी हाताळलेले असणं. आणि सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे रुग्णाची सेवा करणारी सिस्टर किंवा डॉक्टर स्वतःच तापाने पडणं. ही शेवटची खूण दिसली की थांबायचं, कारण आजार वॉर्डात पसरायला लागलेला असतो.

पक्ष्यांचं म्हटलं ते उगाच नाही. २००६ च्या फेब्रुवारीत भारतात कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. आणि आपल्या जिल्ह्यात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. तो आजार गोचिडीतून होतो, श्वसनाचा नव्हे. पण त्याची सूचना रानात मरून पडलेली माकडं देतात. जंगलात जाणाऱ्या माणसाने "माकडं मरतत" एवढं आरोग्य केंद्रात येऊन सांगणं हीसुद्धा एक नोंदच असते.

आता जरा मागे जाऊ. १९१८ चा जून महिना, मुंबई. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, बंदरात जहाजांची ये-जा. १० जूनला पोलिसांच्या रुग्णालयात ७ शिपाई तापाने दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. त्यातला एक जण गोदीत पहाऱ्याला होता. त्यानंतर बंदरातले, जहाज कंपन्यांतले, मग शहरभरचे लोक पडायला लागले. तो इन्फ्लुएंझा होता. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये, म्हणजे आणखी पंधरा वर्षांनी. पण "गोदीत कोण होतं" हा धागा त्या आठवड्यातल्या नोंदीत होता. सप्टेंबरात दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा कितीतरी घातक. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आणि आपली पणजोबांची पिढी मुंबईहून गावाला यायची ती आगबोटीने. बंदरावर उतरल्यावर त्यांनाही कुणीतरी "कधी इलास?" विचारलंच असणार.

दुसरी गोष्ट २००३ ची. हनोईतल्या एका छोट्या रुग्णालयात फेब्रुवारीच्या अखेरीस एक प्रवासी दाखल झाला. हाँगकाँगहून आलेला, न्युमोनियाने बेजार. तिथल्या डॉक्टरांना वाटलं बर्ड फ्लू असेल, म्हणून त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉ. कार्लो उर्बानी यांना बोलावलं. उर्बानी रोज त्या रुग्णालयात जात राहिले. हा नेहमीचा न्युमोनिया नाही, इथले कर्मचारी एकामागून एक आजारी पडताहेत, हे त्यांनी ओळखलं, नमुने घेतले, वरच्यांना कळवलं आणि वॉर्ड अलग करायला लावला. १२ मार्चला जगभर इशारा गेला. २९ मार्चला उर्बानी स्वतः त्याच आजाराने गेले. त्या आजाराला आपण सार्स म्हणतो. जगात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू झाले, आणि रुग्णांतला साधारण दर पाचवा माणूस आरोग्य कर्मचारी होता. पण ज्या व्हिएतनाममध्ये तो इतक्या लवकर ओळखला गेला तिथे ६३ रुग्णांवर साथ थांबली. एप्रिलच्या अखेरीस सार्स आटोक्यात आणणारा पहिला देश म्हणून व्हिएतनामचं नाव जाहीर झालं.

त्याच एप्रिलमध्ये भारतातला पहिला म्हणून जाहीर झालेला सार्सचा रुग्ण आपल्या शेजारच्या गोव्यातला होता. जहाजावर काम करणारा अभियंता, पूर्वेकडून परतलेला. आपल्यातले किती जण शिपवर आहेत, हात वर करा बघू. हे एवढे. म्हणजे "खयसून इलास?" हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर काही पुस्तकी प्रश्न नाही.

पण या प्रश्नाची एक मर्यादाही आहे, आणि ती मी पुण्यात पाहिली. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. भारतातला पहिला खात्रीचा रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला, परदेशातून आलेला. तेव्हापासून सगळं लक्ष विमानतळावर. मग ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. देशातला स्वाइन फ्लूचा तो पहिला मृत्यू. तोवर आजार विमानतळ ओलांडून शाळेच्या बाकावर येऊन बसला होता. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनात म्हणून लोक रुमालाला रबर लावून फिरत होते. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि त्या रांगेत खरोखर आजारी असलेले आणि नुसते घाबरलेले एकमेकांना खेटून तासन्‌तास उभे होते.

त्यावरून दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की "परदेशातून आलात का?" एवढंच विचारून भागत नाही, "घरात, वर्गात, कामावर आणखी कोण आजारी आहे?" हा तिसरा प्रश्न लागतोच. "वांगडा कोण असा" म्हणजे तोच. दुसरी अशी की तपासणीची जागा स्वतःच आजार वाटायची जागा होऊ शकते.

या दुसऱ्या गोष्टीचा सर्वात मोठा धडा २०१५ मध्ये दक्षिण कोरियाला मिळाला. ४ मे रोजी एक माणूस आखातातून परतला. ११ तारखेला ताप आला. तो एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेला. २० मेला निदान झालं: मर्स, म्हणजे उंटांमधून माणसात येणारा कोरोनाचाच एक भाऊ. तोपर्यंत त्याच्यापासून इतरांना लागण झाली होती. त्यातला एक तरुण नंतर सोलच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात तीनेक दिवस होता. तिथे जागा कमी, गर्दी जास्त. त्या एकट्यापासून ८० च्या वर लोकांना लागण झाली: रुग्ण, कर्मचारी आणि भेटायला आलेले नातेवाईक. एका प्रवाशापासून सुरू झालेल्या या साथीत १८६ रुग्ण झाले आणि ३८ माणसं गेली.

पुढे तज्ज्ञांनी कारणं शोधली तेव्हा त्यात दोन गोष्टी निघाल्या, त्या वाचून मला आपलं गावच आठवलं. एक, चांगल्या उपचारासाठी रुग्णालयं बदलत राहायची सवय. दुसरी, रुग्णाजवळ घरच्यांनीच राहायचं आणि बाकी सगळ्यांनी भेटायला जायचं, ही रीत. आपल्याकडे वेगळं काय आहे? मालवणच्या ग्रामीण रुग्णालयातून कणकवली, तिथून ओरोस, नाही जमलं तर बांबोळी किंवा कोल्हापूर. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी रांग, नवा वॉर्ड. आधीच्या ठिकाणचे कागद रिक्षात राहिलेले. आणि मागोमाग पेजेचा डबा, शहाळी, आणि "बघून येवया" म्हणणारी अर्धी वाडी.

हे मी हसत सांगते आहे, पण आमच्या घरी ते हसण्यासारखं झालं नाही. २०१७ साली बाबा पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. एका शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. नाव घेत नाही. हे कुठल्याही रुग्णालयात होऊ शकलं असतं. शस्त्रक्रिया छान झाली. खोली भेटणाऱ्यांनी सतत भरलेली. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना खोकला, त्यांना भेटायला येणाऱ्यांपैकी काहींना सर्दी, आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाला नव्हती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाचव्या दिवशी बाबांना ताप आला, सातव्या दिवशी न्युमोनिया. हाडासाठी गेलेला माणूस फुप्फुसासाठी १९ दिवस राहिला. घरी आले, पण पुन्हा जेटीपर्यंत चालत गेले नाहीत. पुढच्या वर्षी गेले. तुमच्यातले बरेच जण आले होते तेव्हा.

तो विषाणू साधाच असेल. पण बाबांच्या वयाला साधाही पुरला. तो कुणी आणला हे कधी कळणार नाही, आणि ज्याने आणला तो नक्की प्रेमाने आला होता. म्हणून मला हा विषय नुसत्या नोंदींचा वाटत नाही.

आता आवरायचं कसं, ते. यातलं बरंचसं आजाराचं नाव कळायच्या आधीच करता येतं, आणि आधीच करायला लागतं. नमुना घेऊन, थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचून, उत्तर यायला वेळ जातो. २०२० मध्ये सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातले नमुने जिल्ह्याबाहेर जायचे, आणि उत्तराची वाट बघण्यात दिवस जायचे, ते आठवत असेल. त्या दिवसांत वॉर्ड थांबत नाही.

पहिली पायरी दरवाजावर. खोकणारा माणूस आत आला की त्यालाच मास्क द्यायचा, वेगळ्या बाकावर, शक्यतो उघड्यावर बसवायचा आणि रांगेत न ठेवता आधी तपासायचा. ज्याला खोकला आहे त्याने मास्क लावला की थेंब तिथेच अडतात. बाकीच्या पन्नास जणांनी लावण्यापेक्षा ते सोपं.

दुसरी पायरी हवा. पेरूची राजधानी लिमा इथे आठ रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डात दारं-खिडक्या उघडल्या तर तासाला साधारण ४० वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांत १२ वेळा. आपल्या आज्यांनी पडवी आणि माजघराची खिडकी ज्या हिशोबाने ठेवली तोच हिशोब. आपण मात्र आता एसीसाठी खिडक्या सील करतो.

तिसरी पायरी कर्मचाऱ्यांची. वाफ देण्याचं नेब्युलायझर, घशातला कफ ओढणं, श्वासनळीत नळी घालणं, या कामांत विषाणूचे बारीक कण हवेत उडतात. तिथे साधा मास्क पुरत नाही, एन-९५ लागतो, आणि तो चेहऱ्याला नीट बसलेला लागतो. आणि संरक्षक कपडे घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त: आधी हातमोजे, मग गाऊन, मास्क सर्वात शेवटी खोलीबाहेर येऊन, आणि हात धुणं. रात्रपाळीच्या सातव्या तासाला हा क्रम पाळणं किती कठीण आहे ते आपल्या सिस्टर मैत्रिणींना विचारा. २०२० च्या एप्रिलमध्ये मुंबई सेंट्रल भागातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले, आणि महापालिकेला ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावं लागलं. एक रुग्णालय बंद म्हणजे हृदयविकाराचे, बाळंतपणाचे, अपघाताचे रुग्ण त्या दिवशी दुसरीकडे वणवण फिरणार. म्हणून सिस्टरला ताप आला तर तिने कामावर येऊ नये, आणि त्याबद्दल तिचा पगार कापला जाऊ नये. ही दया नव्हे. वॉर्ड चालू ठेवायचा असेल तर ती गरज आहे.

चौथी पायरी नोंद आणि खबर. इथे माझं काम येतं. आपल्या देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्याने लक्षणं लिहायची, डॉक्टरने संशयित आजार लिहायचा, प्रयोगशाळेने खात्रीचा निकाल लिहायचा, असे तीन प्रकारचे तक्ते. पूर्वी ते आठवड्याने जमायचे. २०२१ पासून ते नव्या संगणकीय मंचावर रोजच्या रोज भरता येतात. एखाद्या गावात ताप-खोकल्याचा आकडा नेहमीपेक्षा वर गेला की जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याला ते पडद्यावर दिसू शकतं.

"दिसू शकतं" म्हणते, कारण पडद्यावर तेच दिसतं जे कुणीतरी लिहिलेलं असतं. मी एका ठिकाणच्या नोंदी तपासत होते. "गेल्या १४ दिवसांत प्रवास" या रकान्यात पानंच्या पानं "नाही". सुट्टीच्या हंगामातही "नाही". कुणी विचारलंच नव्हतं, पुढच्या रकान्यात जायला "नाही" दाबलं होतं. आणि त्याच नोंदींत एका सिस्टरने शेरा लिहायच्या जागेत स्वतःहून लिहिलं होतं: "घरात आणखी ३ जणांना ताप. भाऊ परवा मुंबईहून आला." दोन ओळी. तिने प्रमुखांना फोनही केला होता. त्या माणसाला लगेच वेगळ्या खोलीत ठेवलं गेलं आणि त्या घरी दुसऱ्या दिवशी आरोग्य सेवक पोहोचला. माझ्या सगळ्या कोडपेक्षा त्या दोन ओळींचं मोल जास्त होतं. एआयबद्दल बोल म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे: ते शेरा वाचू शकेल, पण शेरा लिहायला माणूसच लागणार.

आता एक अवघड गोष्ट बोलते. २०२० च्या मे महिन्यात "कधी इलास?" हा प्रश्न आपल्याच गावांत बदलला. चाकरमानी ई-पास काढून आले तेव्हा गावोगावच्या शाळांच्या वर्गांत त्यांना १४ दिवस ठेवलं. ते आवश्यक होतं, आणि आपल्यातल्या कित्येकांनी त्या माणसांना डबे पोचवले. पण काही ठिकाणी प्रश्न विचारायचा सूर बदलला. विचारणारा पोलीस झाला, उत्तर देणारा आरोपी. मग लोक लपवायला लागले. कुणी रात्रीचं उतरलं, कुणी ताप अंगावर काढला, कुणी डॉक्टरला सांगितलं की महिनाभर गावातच आहे. गणपतीला येणाऱ्यांबद्दल तर घरात भांडणं झाली. साथीला सर्वात जास्त मदत कशाने होत असेल तर लाजेने आणि भीतीने खोटं सांगण्याने. प्रश्न तेच होते, पण ज्या मायेने ते पिढ्यानपिढ्या विचारले गेले ती माया गेली की उत्तर खरं मिळत नाही.

म्हणून डॉक्टर-सिस्टर मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे: तीन प्रश्न प्रत्येक ताप-खोकल्याच्या रुग्णाला विचारा, आणि ते गावातल्यासारखे विचारा. "कधीपासून बरं नाही? कुठे जाऊन आलात? घरात, कामावर आणखी कुणाला?" उत्तर केसपेपरवर लिहा. खटकलं तर नावाची वाट न बघता वरती कळवा. दहा वेळा काही निघणार नाही. न निघालेल्या दहा वेळांबद्दल कुणी हसलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

बाकीच्यांनी काय करायचं? आपल्यात होडीवाले आहेत, तारकर्लीला होमस्टे चालवणारे आहेत, औषध दुकानवाले, रिक्षावाले, शिक्षक आहेत. दुकानात एकाच वाडीतले पाच जण खोकल्याचं औषध घेऊन गेले, होडीवरचे चार खलाशी एकदम पडले, वर्गातली निम्मी मुलं तापाने गैरहजर, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात एक फोन करा. रुग्ण म्हणून गेलात तर कुणी विचारायच्या आधी स्वतःच सांगा. एका रुग्णालयातून दुसरीकडे जाताना आधीचे कागद हातात ठेवा. रुग्णाजवळ एकच माणूस, शक्यतो तोच. अंगात सर्दी-खोकला असेल तर भेटायला जाऊ नका, फोन करा. पेज दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा, ती तितकीच गरम पोहोचेल. साठीच्या पुढच्यांनी आणि रुग्णसेवा करणाऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याबद्दल आपल्या डॉक्टरला विचारा.

शेवटी एक प्रस्ताव. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून काय करायचं यावर दुपारच्या बैठकीत चर्चा आहे. कमान, पुतळा, डिजिटल बोर्ड, सगळं ऐकलं. माझी सूचना अशी: परवानगी घेऊन आपल्या तालुक्यातल्या एखाद्या सरकारी दवाखान्याबाहेर एक पडवी बांधून देऊ. वर पत्रा, तीन बाजू मोकळ्या, अंतराने ठेवलेले बाक, हात धुवायला नळ, मास्कचा डबा, आणि पाटी: "ताप-खोकला असेल तर इथे बसा, तुम्हाला आधी बघू." पाटी मराठीत आणि खाली मालवणीत. खर्चाचा अंदाज आपल्या सिव्हिलवाल्या मित्राकडून घेतला आहे, कागद माझ्याकडे आहे. तो कमानीपेक्षा कमी आहे.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर, ही ओळ त्यांनी आम्हाला इतक्या वेळा लिहायला लावली की ती आता बोटांत गेली आहे. आज मी जे बोलले त्यातलं जे बरोबर असेल ते त्यांचं.

बैठक तीन वाजता आहे. पडवीसाठी हात वर करायला या.